बुटक्या हत्तीचं भांडण

पाटण
३ जुलै २०२५

क्रांती,

‘प्रिय’ लिहीत नाही. हात वळत नाही.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. तुझ्या सासूबाईंना फोन केला तर ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला. तुझ्या लग्नापासून माझा आवाज ओळखणारी बाई! म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

काल माझ्या दुकानात विट्याच्या एक बाई आल्या. त्यांच्या मुलीचं नाव डिसेंबरच्या शिबिरात आहे. मला वाटलं, मुलीला बूट घ्यायला आल्या असतील. मी स्टूल पुढं केलं, पण बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, “आवं बाई, तुमी परदेशात मैत्रिणीला हत्तीम्होरं टाकून पळाला म्हणं. आमची एकुलती पोर हाय. तिचं नाव काढा.”

मी विचारलं, कुणी सांगितलं? तर म्हणाल्या, “म्हसवडच्या क्रांतीबाईंनी. त्यांचाच पाय मोडलाय न्हवं?”

म्हणजे तू नुसती माझ्यावर रुसलेली नाहीस. तू गावोगाव माझी दवंडी पिटते आहेस. म्हसवडची गोष्ट विट्याला पोचली, उद्या फलटणला पोचेल.

तुला माहीत आहे ते शिबिर माझं काय आहे. अब्बांच्या धार लावायच्या दुकानाचं मी बॅगा-बुटांचं दुकान केलं, त्यावर घर चालतं. पण थंडीत शाळेच्या पोरींना कोयनेच्या रानात घेऊन जायचं, गव्याच्या खुरांचा ठसा दाखवायचा, शेकरूचं घरटं दाखवायचं, यासाठी मी वर्षभर दुकानात बसते. शिकलगारांची पोरगी दुसऱ्यांच्या पोरी घेऊन रानात जाते, म्हटल्यावर लोकांनी किती नाकं मुरडली होती ते तू स्वतः बघितलंस. एकेका आईच्या घरी जाऊन चहा पीत मी तो विश्वास मिळवला. आजवर एकीलाही ओरखडा आला नाही. आणि तू एका वाक्यात सगळं धुऊन टाकलंस.

मी तुला टाकून पळाले नाही. हे तू जिथं जिथं उलटं सांगितलंस तिथं तिथं जाऊन सरळ सांग. एवढंच.

जीनत

■

म्हसवड
१९ जुलै २०२५

श्रीमती जीनत शिकलगार यांस,

स. न. वि. वि. हे सवयीनं लिहिलं गेलं. यात नमस्कार नाही, आणि विनंती तर मुळीच नाही.

दवंडी मी पिटली नाही. लोक मला विचारतात, “बाई, पायाला काय झालं?” आणि मी खरं सांगते. खोटं सांगायला मला कारण नाही. कुबडी काखेत घेऊन शाळेचा जिना चढणाऱ्या बाईला लोक विचारणारच.

तू मात्र काय सांगत फिरतेस तेही माझ्या कानावर आलंय. कराडला आपल्या कॉलेजच्या वर्गातल्यांना म्हणालीस, “अगं, हत्ती बुटका होता.” असतील बोर्निओचे हत्ती आपल्यापेक्षा बुटके. माझ्या अंगावर आला तेव्हा मी त्याची उंची मोजली नाही. आता इथं मंडईत भाजीवाली विचारते, “हत्ती केवढा व्हता बाई? म्हशीएवढा का रेडकाएवढा?” आणि सगळ्या जणी पदर तोंडाला लावून हसतात. गुडघ्याची वाटी फुटली ती माझी, आणि हसं झालं तेही माझंच.

काय झालं ते मी लिहून देते, म्हणजे तुला पुढं वेगळं सांगता येणार नाही. सकाळची वेळ होती. आपला वाटाड्या सहलीतल्या बाकीच्यांना धनेश पक्षी दाखवायला वळणापुढं गेला होता. माझ्या मोज्यावर जळू चढली म्हणून मी मागं थांबले. तू माझ्या जरा पुढं होतीस. तू ओरडलीस. तू ओरडलीस तशी मी होते तिथंच थांबले. जागची हलले नाही. मग झाडं मोडल्याचा आवाज आला म्हणून मान वर केली, तर मला तुझी पाठ दिसली, पळणारी. आणि तुझ्या नि माझ्या मधून हत्ती येत होता.

त्याचं अंग मला घासून गेलं आणि मी ओढ्यात पडले. मला वर काढलं ते वाटाड्यानं. तू नंतर आलीस, तुझ्या सॅकचा एक पट्टा तुटून लोंबत होता. पट्टा तुटेस्तोवर पळाली होतीस.

मला थांबवून तू पळालीस. विट्याच्या बाईंनी पोरीचं नाव काढलं हे बरंच केलं.

क्रांती

■

पाटण
२ ऑगस्ट २०२५

क्रांती,

थांबवून? मी तुला ‘थांब’ म्हणाले? कधी?

माझ्या तोंडून ‘थांब’ हा शब्द गेलाच नाही. हत्ती अंगावर येताना मैत्रिणीला ‘थांब’ म्हणायला मी काय वेडी आहे की खुनी? मी तुला पळ म्हणून ओरडले आणि पळाले. तुझी पावलं माझ्या मागं वाजतायत अशी माझी खात्री होती. वळणावर मागं बघितलं तर तू खाली मान घालून उभी! शाळेत राष्ट्रगीताला उभी राहतेस तशी! मला वाटलं भीतीनं गोठलीस.

आणि पट्ट्याचं आता ऐकच. मी सांगणार नव्हते, कारण केलेलं बोलून दाखवायची आमच्या घरी रीत नाही. तो पट्टा पळताना तुटला नाही. मी तुझ्याकडे उलटी धावत होते, आणि त्या वाटाड्यानं मागून माझी सॅक धरून मला आवरलं. त्याच्या हातात पट्टा राहिला आणि मी तोंडावर पडले. माझी हनुवटी फुटलेली तू पाहिली नाहीस? तुला तुझ्या गुडघ्यापुढं काही दिसलंच नाही.

हॉस्पिटलात मी तुझ्या उशाशी बसले होते, तर तू भिंतीकडं तोंड केलंस. विमानात पाणी दिलं तर हवाई सुंदरीकडून दुसरं मागून घेतलंस. तेव्हाच माझ्या तोंडावर का नाही विचारलंस? इथं येऊन भाजीवालीला सांगितलंस!

मला तर आता वाटतं, तुझं दुखणं गुडघ्याचं नाहीच. आदल्या दिवशी झाडावरची ती ओरांगउटानची मादी आणि तिच्या पोटाशी बिलगलेलं पोर मला आधी दिसलं, तेव्हापासून तुझं तोंड वाकडं होतं. लांब नाकाचं माकड बघून ‘आमचे हेडमास्तर’ म्हणालीस, त्यावर मी नाही हसले, तर संध्याकाळी जेवणावर बोलली नाहीस. तुझ्या मनात माझ्याबद्दल काय काय साठलंय कुणास ठाऊक, हत्ती फक्त निमित्त झाला.

फलटणच्या शाळेनं या आठवड्यात सगळ्या मुलींची नावं मागं घेतली. तुझं समाधान झालं असेल. अम्मी म्हणते, “जाऊ दे गं, तिचा पाय दुखतोय म्हणून तोंड चालतंय.” अम्मीला तुझा अजून पुळका आहे. मला नाही.

जीनत

■

म्हसवड
२४ ऑगस्ट २०२५

जीनत,

‘थांब’ म्हणाली नाहीस. बरोबर. त्याहून वाईट म्हणालीस. ‘जनावर’ म्हणालीस.

“क्रांती, जनावर! जनावर!” असं दोनदा, जीव तोडून. नाही म्हण बघू. तुझ्या अम्मीची शपथ घेऊन नाही म्हण.

जनावर म्हटल्यावर कुठलं शहाणं माणूस पळेल? लहानपणी आम्ही आईबरोबर माळावर सरपणाला जायचो. म्हसवडचा माळ तू पाहिलास, दगडादगडाखाली फुरसं. आई ओरडायची, “जनावर!” की उचललेला पाय तसाच वर ठेवायचा आणि आधी खाली बघायचं. हे शिक्षण अंगणवाडीच्याही आधीचं. माझा धाकटा भाऊ कृष्णात एकदा घाबरून पळाला, आणि पळता पळता फुरशावर पाय पडून त्याला पान लागलं. वाचला, पण पायाची दोन बोटं गेली. फौजेत जायचं होतं त्याला. भरतीच्या मैदानावरून बूट हातात घेऊन परत आला. त्या दिवसापासून ‘जनावर’ ऐकलं की माझं सगळं अंग जागच्या जागी लाकूड होतं. तुला हे ठाऊक आहे. कृष्णातचा पाय तू माझ्या लग्नात पाहिलास.

मी खाली बघत राहिले. पाल्यात, मुळांत, बुटाच्या दोन्ही अंगांना. काही वळवळलं नाही. मी तुझ्या शब्दावर इतका विश्वास ठेवला की झाडं मोडत होती तरी मान वर केली नाही. कारण तू म्हणाली होतीस जनावर आहे, म्हणजे आहे.

नव्हतं. शेवटपर्यंत मला जनावर दिसलं नाही. दिसला तो हत्ती. आता तूच सांग याचा अर्थ काय होतो. एकीला जागेवर खिळवून ठेवलं की हत्ती तिच्याकडं वळतो आणि दुसरीला वाट मोकळी मिळते. मी हॉस्पिटलात भिंतीकडं तोंड करून हाच हिशेब लावत होते, आणि तू उशाशी बसून एक अक्षर बोलत नव्हतीस. निर्दोष माणूस इतकं गप्प बसत नाही.

पट्ट्याची गोष्ट छान रचलीस. तुझ्या शिबिरातल्या पोरींना सांग, शेकोटीपाशी रंगेल.

क्रांती

■

पाटण
९ सप्टेंबर २०२५

क्रांती,

तुझं पत्र हातात घेऊन मी दुकानाच्या पायरीवर बसले ते गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी कळलं नाही.

तुझ्याकडं जनावर म्हणजे किरडू?

मी घरात गेले. अम्मी तांदूळ निवडत होती. तिला म्हटलं, “अम्मी, रानात कुणी ‘जनावर’ म्हणून ओरडलं तर तू काय करशील?”

“पळंन की,” अम्मी म्हणाली. “गवा काय मुका घ्यायला येतोय व्हय?”

“आणि साप असला तर?”

“तर किरडू म्हनंल ना वरडणारा. सापाला जनावर कोण म्हनतं?” आणि माझ्याकडं असं बघितलं की उन्हात डोकं फिरलंय का पोरीचं.

क्रांती, आमच्या पाटणच्या अंगाला सापाला किरडू म्हणतात, नाहीतर लांबडं म्हणतात. जनावर म्हणजे मोठं. गवा, अस्वल, बिबट्या. रानात त्याचं नाव घ्यायचं नाही, नाव घेतलं की येतं असं म्हणतात, म्हणून नुसतं जनावर. शाळेच्या वाटेवर पुढची पोरगी ‘जनावर!’ म्हणाली की मागच्या सगळ्यांनी दप्तर टाकून धूम ठोकायची. आधी पळायचं, काय होतं ते घरी गेल्यावर विचारायचं. माझंही ते अंगणवाडीच्या आधीचंच शिक्षण. हत्ती माझ्या उभ्या जन्मात मी रानात कधी पाहिला नव्हता, त्याचं नाव जिभेवर येणार कुठून? आला तो लहानपणचा शब्द. मी माझ्या भाषेत ‘पळ’ म्हणाले आणि तू तुझ्या भाषेत ‘हलू नको’ ऐकलंस. होस्टेलच्या एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, आणि हा एक शब्द आपल्यात कधी निघालाच नाही. होस्टेलात ना गवा आला ना फुरसं.

आता तुला वाटत असेल की मी हसून सोडून देईन. नाही देणार.

शब्दाचा घोटाळा दोघींचा. पण मी तुला मुद्दाम खिळवून हत्तीपुढं दिलं, हे तू एकटीनं मानलंस. दुसरं काही असू शकेल असा विचार तुझ्या मनात एकदाही आला नाही. तू गोठलीस असं मी धरलं, मी खुनी आहे असं तू धरलंस. माझ्या नातेवाइकांनी, गावानं, विट्याच्या बाईनं धरलं असतं तर मी सोसलं असतं. मी गप्प होते कारण तू तोंड फिरवलं होतंस, आणि मला वाटत होतं की दुखणाऱ्या माणसाला बोलून त्रास देऊ नये. त्याचाही तू पुरावा केलास.

कृष्णातच्या पायाचं मी विसरले नव्हते. पण तो मशिनीत सापडला असं मला वाटत होतं. तू कधी सांगितलं नाहीस.

जीनत

■

पाटण
२७ ऑक्टोबर २०२५

क्रांती,

उत्तर नाही. ठीक आहे.

या दिवाळीला तुझा चकलीचा डबा आला नाही. अम्मी दोनदा एसटी स्टँडवर चौकशी करून आली, मी नको म्हणत असताना. ईदला मीही शीरखुर्मा पाठवणार नाही, म्हणजे फिटंफाट.

शिबिराला आता इतक्या थोड्या मुली उरल्यात की मी रानातल्या विश्रामगृहाची जागा सोडून द्यायचं ठरवतेय. नोव्हेंबरअखेर कळवायचं आहे. या वर्षी एकदा बंद झालं की पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही, ‘का बंद पडलं’ एवढंच लोकांच्या लक्षात राहील. दुकानावरची शिबिराची पाटी उतरवली आहे. तुझ्या भाजीवालीला सांग, हत्ती बुटका होता, पण पाटी खाली पाडायला पुरला.

हे माझं शेवटचं पत्र.

जीनत

■

म्हसवड
२२ नोव्हेंबर २०२५, रथाचा दुसरा दिवस

जीनत,

तुझी पाटी परत लाव. मग पुढचं वाच.

तुझं सप्टेंबरचं पत्र आलं तेव्हा मी ते फाडायला घेतलं होतं. किरडू काय, लांबडं काय, सगळी सारवासारव वाटली. तुझं तोंड चालतं हे मला माहीत आहे, रेनकोट उन्हाळ्यात विकणारी बाई तू. त्यामुळं दिवाळी मी तशीच घालवली. चकल्या केल्या. तुझा वाटा काढून ठेवला आणि रागानं सासूबाईंच्या भजनी मंडळाला वाटला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली. मैदानावर माझ्या वर्गाचा कबड्डीचा तास होता. मी कुबडी टेकून कडेला उभी होते. काय मनात आलं कोण जाणे, मी जीव तोडून ओरडले, “जनावर!”

सगळा वर्ग जागच्या जागी थांबला. एकाचा पाय वर, एकीचे हात कमरेवर, सगळ्यांच्या माना खाली. बघायला आलेले धनाजी शिपाईसुद्धा झाडू उचलून पायाशी बघायला लागले. मला वाटलं, बघ, मी म्हणत होते ना.

तेवढ्यात एक पोरगी फाटकाकडं पळताना दिसली. चप्पल तिथंच टाकून, वेण्या उडवत, एकदाही मागं न बघता. तिला आणायला दोन मुली पाठवल्या. धापा टाकत आली. मी विचारलं, “पळालीस का गं?” तर माझ्याकडं अशी बघायला लागली की हा काय प्रश्न झाला. म्हणाली, “बाई, तुमी जनावर म्हनला न्हवं?”

मी विचारलं, “तुझं आजोळ कुठलं?”

“हेळवाक,” म्हणाली. “कोयनेला. मी तिथंच मोठी झालीया.”

सगळा वर्ग तिला हसला. मी नाही हसले. ती पळाली तेव्हा अगदी तुझी पाठ दिसली.

काल सिद्धनाथाच्या रथाला सगळा तालुका गावात होता. विट्याच्या, फलटणच्या बायाही होत्या. सिद्धनाथाच्या देवळाबाहेर भाजीवालीनं नेहमीप्रमाणं विचारलं, “बाई, हत्ती केवढा व्हता?” मी सगळ्यांदेखत सांगितलं, “हत्ती राहू दे बाजूला. मला सांग, रानात जीनत ‘जनावर’ म्हणून वरडली तर तू काय करशील?” ती म्हणाली, “हुबी राहीन की, खाली बघत.” मी म्हटलं, “मग तुझाबी गुडघा फुटंल. ती मला पळ म्हणत व्हती. मलाच कळलं न्हाई.” मग हेळवाकची गोष्ट सांगितली. पट्ट्याचीही सांगितली. ती खरी आहे का मला माहीत नाही, पण सांगितली. तुझ्या विट्याच्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या तुला येऊन भेटतील. बसायला स्टूल दे, आणि बूट विकू नकोस पहिल्या भेटीत.

माफी मागत नाही. तूही मागू नकोस. मी तुला खुनी धरलं, ते धरलं. तू लिहिलंस तसं दुसरं काही माझ्या मनात आलंच नाही, त्याला माझ्याकडं उत्तर नाही आणि मी शोधणारही नाही. तू बुटक्या हत्तीवरून सगळ्या कराडात माझं हसं केलंस, त्याला तुझ्याकडं उत्तर नाही. गुडघा थंडीत दुखतो, तेव्हा तुझा राग येतो. येणारच. फोनवर तू ब्लॉकच राहणार आहेस. तुझा आवाज ऐकून मला काय वाटेल ते अजून माहीत नाही.

शिबिरात एक नाव वाढव. राजेश्वरी पृथ्वीराज माने, इयत्ता आठवी. माझी पोरगी. तिच्याबरोबर चकलीचा डबा देते आहे. नव्या केल्या आहेत, भजनी मंडळाच्या उरलेल्या नव्हेत. डबा रिकामा परत पाठवू नकोस, एवढी रीत तुझ्याही घरी आहे.

पोरगी विचारत होती, रानात काय काय पाळायचं. मी म्हटलं, सगळं मावशी सांगेल, मी एकच सांगते. “राजू, जीनतमावशी ‘जनावर’ म्हनाली, तर आईवानी खाली बघत हुबी राहू नगं. तिच्या मागनं पळ.”

क्रांती